निझवाला पहिल्यांदा जाताय? मुक्काम गुरुवार रात्रीचाच ठेवा

ओमानला जाणारे आपले बरेच लोक मस्कत बघतात, मोठी मशीद, मत्रहचा बाजार, समुद्रात डॉल्फिन आणि परत. निझवाला गेले तरी टूरच्या गाडीतून सकाळी निघून अकराला पोचतात, किल्ल्यासमोर फोटो आणि जेवून परत. आमचंही पहिल्या वेळी अगदी हेच झालं, आणि ते सुद्धा शुक्रवारी. पोचलो तेव्हा जनावरांचा बाजार उठला होता, किल्ला नमाजासाठी बंद होत होता, दुकानांची शटर खाली येत होती. आई एवढी हौसेने आली होती, तिला दोन तास गाडीच्या एसीत बसवून ठेवावं लागलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून दुसऱ्या वेळी नीट माहिती काढून गेलो, दोन रात्री राहिलो, आणि जे गाव दिसलं ते वेगळंच होतं. तुमची पहिली फेरी वाया जाऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

आधी दोन ओळीत गाव काय आहे ते. निझवा ही ओमानची जुनी राजधानी, इमामांचं गाव. ओमानमधले बरेच मुसलमान इबादी पंथाचे, त्यांच्यात इमाम, म्हणजे धर्म आणि राज्य दोन्ही सांभाळणारा प्रमुख, हा निवडलेला असायचा आणि निझवा हे त्या सगळ्या विद्येचं आणि कारभाराचं केंद्र. समुद्रकिनाऱ्यावरचं मस्कत व्यापाराचं, आणि हे डोंगराच्या पायथ्याशी खजुराच्या बागांमध्ये वसलेलं, धर्माचं आणि शेतीचं. एवढं डोक्यात असलं की तिथे सगळं जरा शांत, जरा सोवळं का वाटतं ते कळतं.

१. कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपण चालतो. मे ते ऑगस्ट कृपा करून लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जाऊ नका, पारा ४५ च्या आसपास जातो आणि डोंगर तापतात. थंडीत मात्र पहाटे एक स्वेटर लागतोच, वाळवंट म्हणून लोक फक्त सुती कपडे नेतात आणि पहाटे बाजारात कुडकुडतात.

वाराचं सगळ्यात महत्त्वाचं. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, आणि शेळ्यांचा बाजार शुक्रवारी पहाटे. म्हणजे तुम्ही गुरुवारी संध्याकाळपर्यंत निझवात पोचलेलं पाहिजे. मस्कतहून शुक्रवारी पहाटे चारला निघून येऊ असं वाटतं, पण लेकरंबाळं घेऊन ते होत नाही.

रमजानमध्ये जाणार असाल तर दिवसा चारचौघात खाणं-पिणं अजिबात नाही, पाणीसुद्धा. बरीच हॉटेलं दिवसा बंद असतात.

२. कागदपत्रं

- पासपोर्ट, प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने व्हॅलिड
- ओमानचा ई-व्हिसा, प्रिंट काढून
- परतीचं तिकीट
- हॉटेल बुकिंगची प्रिंट
- पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो (फॉर्मला अपलोड करायला)
- गाडी चालवणार असाल तर भारतीय लायसन्स आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, आरटीओतून काढून
- रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी, औषधं मूळ पाकिटातच
- ट्रॅव्हल इन्शुरन्स

व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकृत साइटवरूनच काढा. सर्च केल्यावर वर वर ज्या साइट येतात त्यातल्या बऱ्याच एजंटांच्या असतात, दिसायला सरकारी आणि फी जास्त. व्हिसाचे मुदतीनुसार प्रकार असतात, तुमच्या दिवसांना पुरेल तोच निवडा, आणि फॉर्ममध्ये नाव जसं पासपोर्टवर तसंच्या तसं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, पासपोर्टवर ते गिव्हन नेममध्ये असतं आणि तिकिटावर आपण ते गाळतो, मग काउंटरवर खोळंबा होतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी तर हे दोनदा तपासा.

सामानात खसखस नको. आखाती देशांत खसखशीवरून माणसं अडचणीत आलेली आहेत, त्यामुळे अनारसे, खसखस लावलेले लाडू, गोडा मसाला हे सगळं घरीच ठेवा. हे मी सासूबाईंच्या डब्यातून शेवटच्या क्षणी काढलेलं आहे.

३. पैसे

एक रियाल म्हणजे आपले दोनशेच्या वर रुपये, आणि एका रियालचे १००० बैसा. हो, बैसा म्हणजे आपला पैसाच, १९७० पर्यंत ओमानमध्ये आखातासाठी काढलेला भारतीय रुपयाच चालायचा. इथला फसवा भाग म्हणजे दशांशानंतर तीन आकडे असतात. पाटीवर १.५०० लिहिलं असेल तर ते दीड रियाल, दीड हजार नाही. आईने एका शालीची किंमत बघून ती घाबरून खालीच ठेवली होती. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, आणि खजूरवाल्याकडे रोख लागते. सुट्टे ठेवा.

४. मस्कत ते निझवा

मुंबईहून मस्कत विमानाने तीन तासांच्या आतबाहेर, घड्याळ दीड तास मागे. विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सिम घ्या. तिथून निझवा साधारण दीड-पावणेदोन तास, हायवे एकदम छान. सरकारी बस मुवासलातची आहे, स्वस्त आणि नीट, पण निझवात उतरल्यावर फलज (पाण्याचा जुना पाट) आणि बहला, जबरीनचे किल्ले बघायला गाडी लागतेच, त्यामुळे तीन-चार जण असाल तर गाडी भाड्याने घ्या.

गाडीबाबत चार गोष्टी:

वाहतूक उजव्या बाजूने. पहिल्या दिवशी राउंडअबाउटला गोंधळ होतो, आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं हे पाठ करून ठेवा. स्पीडचे कॅमेरे जागोजागी आहेत.

जबल अख्दरला, म्हणजे हिरव्या डोंगरावर जायचं असेल तर फोर-बाय-फोरच पाहिजे. बिरकत अल मौझला पोलीस चौकी आहे, तिथे साधी गाडी परत पाठवतात. आम्हाला भाड्याने गाडी देणाऱ्याने "जाते हो सगळीकडे" असं सांगितलं होतं आणि आम्ही चौकीवरून मागे फिरलो, म्हणून बुकिंग करतानाच लेखी विचारा.

पाऊस पडत असेल तर वादीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून गाडी घालू नका. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली दहा-पंधरा मिनिटांत लोंढा होऊन येतो. रस्ता कोरडा दिसतोय यावर विश्वास ठेवायचा नाही. वाहत्या वादीत गाडी घालणं तिथे गुन्हा पण आहे.

दुबई-शारजाहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी इन्शुरन्समध्ये ओमान धरलंय का ते निघायच्या आधी बघा.

५. राहायचं कुठे

हायवेवर मोठी हॉटेलं आहेत, पण माझं ऐका आणि किल्ल्याला लागून असलेल्या अल अक्र या जुन्या मोहल्ल्यात राहा. मातीची जुनी घरं दुरुस्त करून तिथे छोटी राहण्याची ठिकाणं केली आहेत. जाड भिंती, लाकडी छत, अरुंद बोळ, गच्चीवरून किल्ल्याचा गोल बुरूज आणि मागे खजुराची शेंडी. पहाटेची अजान झाली की एका मशिदीमागून दुसरीची ऐकू येत जाते. गाडी बाहेर लावून बॅगा ओढत न्याव्या लागतात आणि जिने अरुंद असतात, तेव्हा गुडघे दुखणारं कोणी असेल तर खालची खोली मागून घ्या. शुक्रवारच्या आदल्या रात्रीचं बुकिंग लवकर संपतं.

६. शुक्रवारची पहाट, शेळ्यांचा बाजार

उजाडता उजाडता पोचा, नऊपर्यंत सगळं आवरतं. सूकच्या बाजूला एक गोल मांडव आहे. मधोमध आणि बाहेरच्या कडेला गिऱ्हाईकं बसतात-उभी राहतात आणि मधल्या वाटेवरून विकणारे शेळ्या, बोकड, करडं घेऊन गोल गोल फिरत राहतात, तोंडाने भाव ओरडत. कुणाला जनावर आवडलं की तो हाक मारून थांबवतो, दात बघतो, कास बघतो, पाठीवरून हात फिरवतो, पटलं तर सौदा नाहीतर पुढे चल. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारच्याला कळू नये म्हणून. इथे बरोबर उलटं, सगळं उघड आणि मोठ्याने. मी गावाकडची, आजोबांबरोबर लहानपणी बैलबाजारात जायचे, त्यामुळे मला तिथून हलवेना.

पुरुष पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या दिशदाशात, म्हणजे पायघोळ अंगरख्यात, डोक्यावर नक्षीची टोपी, तिला कुम्मा म्हणतात, किंवा मस्सर म्हणजे फेटा. डोंगराकडून, वाळवंटाकडून आलेल्या बदू, म्हणजे भटक्या टोळ्यांमधल्या बायका पण असतात, काहींच्या चेहऱ्यावर चोचीसारखा मुखवटा असतो, आणि त्या सौद्यात पुरुषांना जराही हार जात नाहीत.

इथे आपल्या लोकांकडून होणाऱ्या चुका लिहिते कारण मी डोळ्यांनी बघितल्यात. फिरण्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, बोकड ढुशी मारून जातो. बायकांचे फोटो न विचारता अजिबात काढायचे नाहीत, पुरुषांचे पण विचारून. तोंडासमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढत फिरायचं नाही, ती माणसं तिथे पोटासाठी आलेली आहेत, कुणी महिनोन्महिने पाळलेलं जनावर विकायला आलंय. आणि ईदच्या आधीच्या शुक्रवारी गर्दी प्रचंड असते, लहान मुलांना उचलून घ्या.

कपडे पण इथेच सांगते. खांदे आणि गुडघे झाकलेले, स्त्री-पुरुष दोघांचे. सलवार-कुर्ता उत्तम. आई साडीत होती, काही अडचण आली नाही, उलट दोन बायकांनी तिच्या हिरव्या बांगड्या हातात हात घेऊन बघितल्या आणि खुणेनेच छान म्हणाल्या. मशिदीत जायचं असेल तर डोकं झाकायला ओढणी हवी, आणि बिगरमुस्लिमांना आत सोडतात का ते दारात विचारून मगच.

७. किल्ला

बाजारातून थेट किल्ल्यात, कारण शुक्रवारी दुपारच्या नमाजाला तो बंद होतो आणि नंतर पुन्हा उघडतो. साडेआठ-नऊला आत गेलात तर निवांत बघून होतं.

आपण गडकिल्ल्यांवर वाढलेली माणसं, त्यामुळे हा किल्ला आपल्याला जास्त कळतो असं मला वाटतं. डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, आणि सगळा जोर एका अवाढव्य गोल बुरुजावर. उंची साधारण ३० मीटर, व्यास त्याहूनही जास्त, आणि खालचा निम्मा भाग माती-दगडांनी भरीव केलेला, म्हणजे तोफेचा गोळा बसला तरी हादरा जिरावा. इमाम सुलतान बिन सैफ यांनी सतराव्या शतकाच्या मध्यात बांधला, १२ वर्षं लागली. वर जायला एकच अरुंद नागमोडी जिना, वळणावळणावर दार, प्रत्येक दारावर छतात फट. त्या फटीतून उकळता खजुराचा पाक खाली ओतायचे. पायऱ्यांमध्ये खड्डे ठेवलेले, वर लाकडी फळी, शत्रू आला की फळी काढायची. आता वर जाळी आहे, पण आत वाकून बघाच. वर पोचलात की मोकळा गोल चौक, चहूबाजूंना तोफांसाठी झरोके आणि वर चर्यांवरून फिरायला वाट. तिथून घुमट, मोहल्ला, खजुराच्या बागा आणि मागे उघडे डोंगर एका नजरेत दिसतात.

खाली खजुराची कोठी शोधा, लोक ती चुकवतात. जमिनीला पन्हाळी आहेत. खजुराची पोती एकावर एक रचायची, वजनाने पाक झिरपून पन्हाळीतून भांड्यात. खायलाही तोच आणि शत्रूवर उकळून ओतायलाही तोच.

आणि एक आपल्याशी जोडलेलं. ह्याच इमामाने १६५० मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं. मग त्याची गलबतं आपल्या किनाऱ्यापर्यंत आली, १६६८ मध्ये दीव लुटलं, आणि १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईला उतरून कोटाबाहेरची चर्च लुटली. महाराजांच्या राज्याभिषेकाचं वर्ष ते. वसईचा किल्ला बघितलेल्या माणसाने इथल्या तोफांसमोर उभं राहावं, दोन्ही किनारे एकाच गोष्टीत आहेत हे तेव्हा जाणवतं. मला तरी अंगावर काटा आला होता.

भाषा पण ऐका. अरबीत किल्ला म्हणजे कलअ, बुरूज म्हणजे बुर्ज, दुकान म्हणजे दुक्कान. मुलांना पाट्या वाचून दाखवा, त्यांना मजा येते.

८. सूक आणि खरेदी

दुपारी झोप काढा, तीन-साडेतीनपर्यंत सगळं बंदच असतं. चारनंतर सूक जागा होतो. भाग पाडलेले आहेत, खजूर वेगळे, चांदी वेगळी, मडकी वेगळी, मासळी वेगळी. पूर्वेकडचा जुना भाग आवर्जून बघा, तो कमी चकचकीत आणि जास्त खरा.

खजूर: खलास, फर्द, खुनेझी असे प्रकार असतात, दुकानदार चाखायला देतो आणि सोबत कहवा. चाखून घेतलं म्हणून विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. कहवा म्हणजे वेलची घातलेली कडू कॉफी, छोट्या वाटीत. पुरे झाली की वाटी हलवून परत द्यायची, नाहीतर तो भरतच राहतो.

हलवा: आपल्या शिऱ्यासारखा नाही, स्टार्च, साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी घालून मोठ्या तांब्याच्या कढईत तासन्तास घोटलेला, चिकट आणि दाट. ताजा घ्या.

चांदी आणि खंजर: निझवाचे खंजर प्रसिद्ध, ओमानच्या झेंड्यावर पण खंजर आहे. जुन्या दागिन्यांत १७८० साल कोरलेली, ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीची नाणी दिसतात. खऱ्या जुन्या खंजराची किंमत फार असते, स्वस्तात मिळाला तर तो शोभेचा समजा आणि त्याच भावाने घ्या. आणि बऱ्याच शाली, पितळेच्या वस्तू भारतातूनच आलेल्या असतात, सरळ विचारा, "ओमानी?" बहुतेक जण खरं सांगतात.

मडकी घ्यायची तर बहलाची, ते गाव त्यासाठीच ओळखलं जातं.

धूप घेताना मात्र शब्दाचा घोळ होतो. आपण घरी ऊद जाळतो ना संध्याकाळी, त्या अर्थाने "ऊद द्या" म्हणालात तर ते तुम्हाला अगरूचं लाकूड दाखवतील, जे भयंकर महाग असतं. आपल्याला हवा असतो तो लुबान, दक्षिणेकडच्या धोफारच्या झाडांचा डिंक. त्यातला हिरवट पांढरा होजरी सगळ्यात चांगला.

९. फलज, हे चुकवू नका

गावाबाहेर थोड्या अंतरावर फलज दारिस आहे. फलज म्हणजे डोंगराखालचं पाणी फक्त उताराने आणणारा पाट, ना पंप ना मोट. ओमानमध्ये असे हजारो आहेत आणि त्यातल्या पाचांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलं, दारिस त्यातला एक. पर्यटक पाय बुडवतात आणि जातात. पण बघायचं ते पाण्याच्या वाटणीचं. आधी पिण्याचं, मग मशीद आणि अंघोळीचं, मग खजूर, शेवटी हंगामी पिकं. शेतकऱ्याची पाळी वेळेच्या हिशोबाने मोजायची, दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून. आणि ह्या कारभाराच्या प्रमुखाला म्हणतात वकील. धुळे-नाशिककडची पांझरा आणि मोसम नदीवरची फड पद्धत ज्यांना माहितीये, पाळी आणि पाटकरी ज्यांच्या घरात बोलले जातात, त्यांना इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. माझे वडील असते तर अख्खा दिवस इथेच बसले असते.

पाटात साबण लावून पाय धुवू नका. खाली कोणीतरी तेच पाणी भरतंय.

१०. खाणं

शाकाहारी लोकांनी काळजी करू नये, केरळी हॉटेलं सगळीकडे आहेत, डोसा, पराठा, भाजी, करक चहा मिळतो, आणि हिंदी चालते. पण एक वेळ तरी ओमानी खा. रखाल म्हणजे कागदासारखी पातळ रोटी, अंडं किंवा मध घालून. मांसाहारी असाल तर शुवा, मसाला लावून पानात गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत एक-दोन दिवस शिजवलेलं मटण, मुळात ईदचं, पण काही ठिकाणी एरवीही मिळतं.

११. शनिवार: बहला आणि जबरीन

बहला निझवापासून पाऊण तासाच्या आत. १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेला मातीचा किल्ला आणि गावाभोवती जवळपास १२ किलोमीटरचा तट. आत सामान काही नाही, नुसत्या भिंती, त्यामुळे मुलं कंटाळू शकतात. जबरीन मात्र सगळ्यांना आवडतं, तो किल्ल्यापेक्षा वाडा आहे, इमाम बलअरब बिन सुलतान यांचा, छतांवर रंगवलेली वेलबुट्टी अजून शाबूत. दोन्ही बघून दुपारी निघालात तर वाटेत बिरकत अल मौझला केळीच्या बागांमध्ये थांबा, वर पडक्या मातीच्या घरांचं गाव आहे, तिथून केळी आणि खजूर एकत्र दिसतात, आणि संध्याकाळी मस्कत.

परतीच्या बॅगा भरताना हलवा आणि खजुराचा पाक चेक-इनमध्ये टाका, हातातल्या बॅगेत अडवू शकतात. खंजर शोभेचा असला तरी तोही चेक-इनमध्येच, बिलासकट. हलव्याच्या डब्याला दोन प्लास्टिकच्या पिशव्या लावा, आमचा एक डबा बॅगेत उघडला होता आणि आईची सगळी रेशमी साडी धुवायला द्यावी लागली.